पत्र कोणाचें हें कशावरून ओळखावें?

मराठवाड्यांतील जुन्या कागदांस गेल्या थोड्या वर्षांत अनपेक्षित महत्त्व आलें आहे. इ. स. २०२३ च्या सप्टेंबरांत महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली आणि निजामकालीन महसुली व इतर कागदांत ज्यांची नोंद कुणबी म्हणून आढळेल त्यांच्या नोंदी पडताळण्याचें काम तिजकडे सोंपविलें. तेव्हांपासून ज्या घरीं मोडी, फारसी अगर उर्दू कागदांचे रुमाल माळ्यावर पडून होते, तेथें ते सोडून पाहण्यांत येऊं लागले. मोडी वाचणारांस कधीं नव्हती इतकी मागणी आली. ही गोष्ट आमच्यासारख्यांस आनंदाची वाटावी अशीच आहे. परंतु तिजबरोबर एक धोकाही आला आहे. कागदाला किंमत नव्हती तोंवर बनावट कागद करण्याचा खटाटोप कोणी करीत नसे. आतां एका ओळीवर कुळाचा दावा उभा राहतो अगर पडतो, आणि त्या ओळीचें छायाचित्र दूरध्वनियंत्रावरून क्षणांत शंभर घरीं जातें. छायाचित्र पाठविणारा कोण, मूळ कागद कोणाजवळ आहे, तो लिहिला कोणीं, त्यांत मागाहून कांहीं फिरवाफिरव झाली कीं काय, या प्रश्नांचीं उत्तरें त्या छायाचित्रांत नसतात.

दूर असलेल्या माणसाचें पत्र हातीं आल्यावर तें त्याचेंच आहे असें कशावरून मानावें, हा प्रश्न विद्युद्यंत्रांच्या युगानें प्रथम काढला असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाहीं. नांदेडपासून पंजाबापर्यंत व पुण्यापासून दिल्लीपर्यंत पत्रें जात होतीं तेव्हांही हा प्रश्न याच रूपांत उभा होता, आणि आपल्या पूर्वजांनीं त्याचीं जीं उत्तरें काढलीं तीं पाहिलीं असतां हल्लींच्या डिजिटल स्वाक्षरीची घडण समजणें सोपें जातें. तसेंच आपल्या संग्रहांतील कागद आपण कोणत्या चुकीनें मुके करून टाकतों हेंही त्यावरून कळतें. प्रस्तुत लेखाचा मुख्य रोख या दुसऱ्या गोष्टीकडे आहे.

नांदेडचेंच एक उदाहरण प्रथम घेतों. इ. स. १७०८ मध्यें बादशहा बहादुरशहा आपला भाऊ कामबक्ष याजवर चालून दक्षिणेंत आला, त्या सुमारास गुरु गोविंदसिंग हेही नांदेडास आले. गोदातीरीं राहणारा माधोदास नांवाचा बैरागी येथेंच त्यांचा शिष्य झाला व पुढें बंदा सिंग बहादुर या नांवानें प्रसिद्धीस आला. गुरूंनीं त्यास पंजाबांत जाऊन शिखांचें पुढारपण करण्यास सांगितलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गुरु नांदेड येथें निवर्तले. आतां या प्रसंगाकडे पंजाबांतील एखाद्या गांवच्या शिखाच्या दृष्टीनें पहावें. दक्षिणेंतून एक अनोळखी माणूस येतो. त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाहीं. तो म्हणतो कीं, मला गुरूंनीं पाठविलें आहे. आणि ज्यांना विचारून खात्री करून घ्यावी ते गुरु तर हयात नाहींत. अशा माणसाच्या शब्दावर लोकांनीं शेत, घर व प्राण पणास कां लावावे?

परंपरा सांगते कीं, बंद्याबरोबर गुरूंच्या भात्यांतील पांच बाण, निशाण व नगारा दिलेला होता, पंजाबांतील शिखांस उद्देशून लिहिलेले हुकमनामे होते, आणि पांच शीख सोबतीस होते. सोबत्यांच्या नांवांत बखरकारांचा मतभेद आहे, तरी विनोदसिंग, काहनसिंग व बाजसिंग हीं नांवें बहुतेक ठिकाणीं येतात. या सामग्रीचा नीट विचार केला तर तींत एकाच कामाचीं तीन निरनिराळीं साधनें दिसतात. बाण आणि निशाण ही वस्तुरूप खूण झाली. ती चोरतां येते. सोबती हे साक्षीदार. त्यांस पंजाबांत लोक ओळखत होते आणि त्यांनीं नांदेडास काय घडलें तें डोळ्यांनीं पाहिलें होतें. हुकमनामा हा तिसरा, आणि तो ओळखण्याची तजवीज पूर्वींच होऊन राहिली होती. गुरूंचे हुकमनामे ठिकठिकाणच्या संगतींस वर्षानुवर्षें जात असत. मजकूर बहुधा लेखकाच्या हातचा असे, परंतु कित्येकांच्या माथ्यावर गुरूंच्या स्वहस्ताच्या ओळी असत, त्यांस निशाण म्हणत. ज्या संगतीजवळ पूर्वीचा हुकमनामा जपून ठेवलेला होता तिला नवा हुकमनामा जुन्याशेजारीं ठेवून ताडून पाहतां येत होता. अशा कागदांचें संपादन डॉ. गंडासिंग यांनीं करून इ. स. १९६७ मध्यें पतियाळा येथून प्रसिद्ध केलें आहे. संग्राहकांनीं तें पाहण्यासारखें आहे.

तात्पर्य, ओळखीसाठीं नमुना अगोदर पोंचलेला असावा लागतो. हस्ताक्षर कितीही खरें असो, ज्यानें तें पूर्वीं पाहिलें नाहीं त्याला तें कांहींच सांगत नाहीं. पुढें बंद्यानें आपली स्वतःची फारसी मोहर केली, तींत नानक व गोविंदसिंग यांचीं नांवें घातलीं, आणि इ. स. १७१० च्या डिसेंबरांत जौनपूरच्या संगतीस हुकमनामा पाठविला तो या मोहरेनिशीं. म्हणजे स्वतःची ओळख त्यानें वरिष्ठाच्या नांवावरच टांगून ठेवली.

ही टांगण्याची रीत फार जुनी आहे, आणि तिचा एक धागा लातुराशीं जुळतो. राष्ट्रकूट घराण्याच्या लेखांत राजास ‘लट्टलूर’ या श्रेष्ठ नगराचा स्वामी असें म्हटलेलें आढळतें. अमोघवर्षाच्या कारकीर्दींतील इ. स. ८६६ चा शिरूरचा लेख याचें उदाहरण होय. लट्टलूर म्हणजे हल्लींचें लातूर, हें मत सामान्यतः मान्य झालें आहे. राजधानी मान्यखेटास, आणि बिरुद मात्र लातुराचें! पुढें सौंदत्तीचे रट्ट हेही हेंच बिरुद मिरवीत. जेथें आपण राहत नाहीं अशा मूळ गांवाचें नांव पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत नुसता अभिमान नव्हता. आम्ही कोणत्या कुळाचे हें दूरच्या वाचकास कळविण्याची ती सोय होती. ताम्रपटांत हीच सोय धातूच्या रूपानें दिसते. पत्रे एका कडींत ओंवीत, कडीचीं टोंकें मुद्रेंत बसवून जोडीत. मुद्रा न मोडतां मधला पत्रा काढतां येऊं नये ही त्यांतली खुबी. तरी बनावट ताम्रपट निघालेच, आणि ते इतके निघाले कीं फ्लीटसाहेबांस त्यांची स्वतंत्र यादी करावी लागली.

आतां शिक्क्याकडे वळूं. मराठी सनदेच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब, ही मांडणी वाचकांस परिचित आहे. परंतु शिक्क्यांतील अक्षरें पुष्कळ संग्राहक केवळ नांव शोधण्यासाठीं वाचतात, हें बरोबर नाहीं. पेशव्यांच्या शिक्क्यांत आधीं छत्रपतींचें नांव येतें, मागाहून प्रधानाचें. शाहू महाराज इ. स. १७४९ च्या डिसेंबरांत निवर्तल्यावर रामराजांचें नांव शिक्क्यांत आलें. निजामाच्या दरबारीं उमरावांच्या फारसी मोहरांत ‘फिदवी’ म्हणजे सेवक हा शब्द असतो आणि कोणाचा सेवक तें पुढें लिहिलेलें असतें. उमराव निजामाचा, निजाम दिल्लीच्या बादशहाचा. नांदेडच्या बाजूच्या एखाद्या देशमुखास सुभा महंमदाबाद बीदर येथील अंमलदाराचा कागद आला, तर त्या अंमलदारास तो ओळखत नसे; परंतु ज्याच्या नांवानें मोहर बोलते त्या धन्यास तो ओळखी. विश्वास हा असा वरून खालीं उतरत येई. वरची कडी तुटली म्हणजे खालच्या सगळ्यांस आपापल्या खुणा बदलणें भाग पडे. इ. स. १८५७ च्या धामधुमीनंतर हैदराबादेच्या नाण्यांवरून दिल्लीपतीचें नांव निघालें तें याच कारणानें.

येथें मोहरांविषयीं एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते, कारण चुकीचें वाचन याच जागीं फार होतें. फारसी मोहरेंत जो हिजरी सन कोरलेला असतो तो बहुधा मोहर केव्हां कोरली अगर किताब केव्हां मिळाला त्याचा असतो, कागदाचा नव्हे. मोहरेंत ११७० आणि कागदावर ११८५ असा फरक दिसला तर बावरून जाण्याचें कारण नाहीं. उलट मोहरेचा सन कागदाच्या तारखेच्या पुढचा निघाला तर मात्र कागद बाजूला काढावा. तसेंच निजामी अमदानीच्या उत्तरकाळांतले कागद फसली सनांत व इराणी महिन्यांत असतात. आजुर महिन्यानें ऑक्टोबरांत वर्ष सुरू होतें, त्या आरंभाच्या वेळीं फसली सनांत ५९० मिळविले असतां इसवी सन येतो. जानेवारीनंतरच्या तारखांस ५९१ मिळवावे लागतात. बनावट कागद करणारा शिक्क्याची नक्कल हुबेहूब करील, परंतु शुहूर, फसली, हिजरी व शक या चारी गणनांचा मेळ घालतांना त्याची त्रेधा उडते. आम्हांस तरी शिक्क्यापेक्षां कालगणनेवर भिस्त ठेवणें अधिक सुरक्षित वाटतें.

शिक्का धन्याजवळच राही असेंही नाहीं. तो कारकुनाच्या हातीं असे, आणि म्हणून शिक्क्याखेरीज दुसऱ्या गोष्टींची जोड दिलेली आढळते. पत्राचा मजकूर कारकुनाचा असला तरी महत्त्वाच्या पत्रांत शेवटच्या दोन ओळी धनी स्वतः लिही. ‘लेखनसीमा’ अशा अक्षरांचें अगर ‘येथें मर्यादा शोभते’ अशा अर्थाचें मोर्तब अखेरीस उठविलें म्हणजे खालीं नवा मजकूर घुसडण्यास जागा राहत नसे. कागदाचे बंद एकास एक चिकटवून लांब गुंडाळी केलेली असेल तर पाठीमागें प्रत्येक सांध्यावर शिक्का उठवीत; मधला एक बंद काढून दुसरा बसविला तर अर्ध्या शिक्क्याशीं अर्धा शिक्का जुळेना. ‘रुजू’ व ‘बार’ हे शेरे दप्तरांतल्या निरनिराळ्या हातांचे, कागद ताडून पाहिला व नोंदला गेला याची खूण. पत्र पोंचलें म्हणजे घेणाराचा कारकून त्यावर ‘पै॥’ असें लिहून पोंचल्याची तारीख टांकी. एका पत्रावर अशीं सहा-सात माणसांचीं चिन्हें सांपडतात, आणि त्यांतील निम्मीं पाठीमागच्या बाजूस असतात.

ही सर्व काळजी कशासाठीं, हें समजण्यास नारायणराव पेशव्यांच्या वधाची कथा पुरेशी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारद्यांनीं शनिवारवाड्यांत नारायणरावांचा वध केला. राघोबादादांनीं दिलेल्या चिठ्ठींत ‘धरावें’ असें होतें, आनंदीबाईंनीं ‘ध’ चा ‘मा’ केला, अशी आख्यायिका मराठी मुलखांत घरोघरीं सांगतात. ती ऐतिहासिक दृष्ट्या कितपत टिकते हा वाद येथें नको. आपल्या विषयापुरता तींतील मुद्दा इतकाच कीं, चिठ्ठी खऱ्या माणसाची, हात खरा, आणि तरी मजकूर खोटा. पाठविणारा कोण या प्रश्नाचें उत्तर बरोबर आलें म्हणून मजकुराविषयींची खात्री होत नाहीं. सांध्यावरचे शिक्के व मोर्तब बंद बदलणारास अडवीत. एका अक्षरास अडविण्याचें साधन त्या काळीं नव्हतें.

ज्यांस लिहितां येत नव्हतें त्यांची ओळख निशाणीवर चाले. पाटील-कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, शिपाईगड्याची कट्यार, बायकांचें कांकण, सुताराचें हत्यार, अशा निशाण्या महजरांच्या तळीं रांगेनें काढलेल्या दिसतात. नवशिक्या संग्राहकास त्या चित्रांची मौज वाटते. परंतु नांगर काढणारे गांवांत पन्नास असत. नांगरावरून हा अमुकच पाटील असें ठरत नसे. तें ठरे गोताच्या बैठकीवरून. शेजारच्या गांवचे वतनदार समोर बसलेले, त्यांच्या डोळ्यांदेखत निशाणी होई, आणि त्यांचीं नांवें त्याच कागदावर येत. निशाणीची किंमत निशाणींत नव्हती, भोंवतालच्या माणसांत होती. बोटाच्या ठशानें ही उणीव पुढें भरून निघाली. जंगीपूर येथें विल्यम हर्शेल यानें इ. स. १८५८ मध्यें एका ठेकेदाराच्या करारावर पंजाचा ठसा घेतला, आणि इ. स. १८९७ मध्यें कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली.

परंतु व्यापाऱ्यांचें काम याहून अवघड होतें, कारण हुंडी घेऊन येणारा माणूस बहुधा परक्या पेठेंतला असे, आणि चूक झाली तर रोख रक्कम जाई. या मंडळींनीं जी युक्ति काढली ती आमच्या मतें सर्वांत चतुर होय. देखनजोग हुंडी ज्याच्या हातीं असेल त्यास पटे. धनीजोग हुंडी धन्यासच पटे. नामजोग हुंडींत नांव दिलेलें असे. आणि शहाजोग हुंडी केवळ शहास, म्हणजे त्या पेठेंतील प्रतिष्ठित सावकारासच पटे. परक्या माणसास मी ओळखीत नाहीं. परंतु तुला ओळखणारा, मलाही ठाऊक असलेला एक सावकार मधें उभा कर आणि त्याच्या हातून पैसे ने, असा याचा अर्थ. हुंडी खोटी निघाली तर तो शहा रक्कम परत करण्यास बांधलेला. म्हणजे ओळख देणें हें फुकटचें काम नव्हतें, त्याला जोखीम जोडलेली होती, आणि जोखीम होती म्हणूनच ओळख काळजीनें दिली जाई. रकमेचीही अशीच कडेकोट व्यवस्था. रक्कम आंकड्यांत, अक्षरांत, मग ‘निमे अमुक, त्याचे दुप्पट अमुक’ अशी उलट मोजून लिहीत. हुंडी हरवल्यास पेठ, तीही हरवल्यास परपेठ. शिवाय हुंडी लिहिल्याचें जाबपत्र वेगळ्या वाटेनें आधींच रवाना होई; हुंडी व पत्र यांचा मेळ बसला तरच ती शिकारली जाई. दोन वाटांनीं आलेल्या बातमीचा मेळ घालण्याची ही रीत हल्लींच्या बँकांनीं दूरध्वनियंत्रावर येणाऱ्या सहा आंकड्यांच्या रूपानें पुन्हां उचललेली आहे.

गुप्तता आणि ओळख या दोन वस्तु निराळ्या आहेत, हें जातां जातां सांगितलें पाहिजे. नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें महानुभावांचें श्रद्धास्थान आहे. त्या पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहून परक्यांपासून राखले, आणि राजवाड्यांनीं सकळ लिपीची किल्ली लावीपर्यंत त्यांतील पुष्कळ वाङ्मय बाहेरच्यांस बंदच होतें. परंतु सकळ लिपींत लिहिलेली पोथी अमुक महंतानेंच लिहिली असें लिपीवरून सिद्ध होत नाहीं. लिपी जाणणारा कोणीही ती लिहूं शकतो. हल्लीं ‘संदेश पूर्ण गुप्त आहे’ असें आश्वासन मिळालें कीं लोक निर्धास्त होतात. तो गुप्त संदेश कोणाकडून आला हें विचारण्याचें राहूनच जातें.

आणि चेहरा? चेहऱ्यावर तर कोणाचाही विश्वास बसतो. उदगीरच्या मोहिमेंत ३ फेब्रुवारी १७६० रोजीं निजामाचा मोड करणारे सदाशिवरावभाऊ पुढच्याच वर्षीं, १४ जानेवारीस, पानिपतावर पडले. प्रेताविषयीं शंका राहिली, आणि त्या शंकेंतून तोतया निघाला. सुखनिधान नांवाचा हा बुंदेलखंडाकडचा कनोजा ब्राह्मण भाऊसाहेबांसारखा दिसे म्हणतात. त्यास पकडून चौकशी केली, किल्ल्यावर ठेविलें, तरी प्रकरण मिटलें नाहीं. इ. स. १७७६ मध्यें रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजप्यांनीं त्यास सोडून भाऊसाहेब म्हणून उभें केलें आणि कोंकणांतील किल्ले भराभर त्याच्या स्वाधीन होऊं लागले. अखेरीस रघूजी आंगऱ्यानें त्यास धरलें व त्याच वर्षीं पुण्यांत त्याचा शेवट झाला. कित्येक वर्षें हें प्रकरण चाललें याचें कारण, लोकांनीं दिसण्यावर निर्णय केला. भाऊसाहेबांस ठाऊक असलेल्या घरच्या व दप्तरच्या गोष्टी विचारतांच तोतयाची गाडी अडे, पण विचारणारे थोडे आणि पाहून मान डोलविणारे पुष्कळ. हल्लीं यंत्राच्या साह्यानें कोणाचाही चेहरा व आवाज हुबेहूब उठवितां येतो, तेव्हां ही कथा बखरींतून बाहेर काढण्याची वेळ आलेली आहे. आधार क्रमांकाची योजना २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं सुरू झाली. तींत बोटांचे ठसे व डोळ्यांतील बुबुळ टिपून एका देहास एक क्रमांक दिला जातो. देह कोणता, याचें उत्तर त्यानें मिळतें. समोर आलेला कागद त्या देहानें लिहिला कीं नाहीं, याचें उत्तर त्यांत नाहीं.

तें काम डिजिटल स्वाक्षरीचें. भारतांत तिला माहिती तंत्रज्ञान कायद्यानें १७ ऑक्टोबर २००० पासून मान्यता आहे, आणि महाराष्ट्रांत इ. स. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागल्यानें ती खेड्यापाड्यांत पोंचली. तिची कल्पना अमेरिकेंत डिफी व हेलमन यांनीं इ. स. १९७६ मध्यें मांडली. प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात. एक खासगी, ती आपल्यापाशींच ठेवावयाची. दुसरी जाहीर, ती सर्वांस द्यावयाची. पहिली म्हणजे कोरलेला शिक्का आणि दुसरी म्हणजे त्या शिक्क्याचा सर्वांस ठाऊक असलेला नमुना, असें समजावें. मजकुरावर ठराविक गणित करून त्याचा एक आंखूड ठसा काढतात, आणि त्या ठशावर खासगी किल्लीची क्रिया करून जी संख्या येते तीच स्वाक्षरी. वाचणारा जाहीर किल्लीनें ती उलगडून पाहतो व हातीं आलेल्या मजकुराचा ठसा पुन्हां काढून दोहोंचा मेळ घालतो. मेळ बसला तर मजकूर त्याच किल्लीवाल्याचा व जसाच्या तसा आहे.

जुन्या शिक्क्याहून हिचें वेगळेपण येथेंच आहे. शिक्का दहा कागदांवर उठविला तरी तो एकच. म्हणून एका कागदावरून उचलून दुसऱ्यावर बसवितां येई. डिजिटल स्वाक्षरी दर मजकुराबरोबर बदलते, कारण ती मजकुरांतूनच निघते. ‘ध’ चा ‘मा’ केला कीं ठसा पार पालटतो आणि लबाडी तत्काळ उघडी पडते. दोनशें वर्षांपूर्वीं जी फट बुजवितां आली नव्हती ती या गणितानें बुजविली, हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे.

मात्र दुसरी फट तशीच आहे. ही जाहीर किल्ली अमक्याचीच, हें कोणीं सांगावें? त्यासाठीं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत, आणि त्या संस्थांस प्रमाण मानणारा सरकारी नियंत्रक वर आहे. ही फिदवींचीच साखळी होय. शाहूचें नांव वर, प्रधानाचें खालीं. साखळीची वरची कडी सांभाळणारानें निष्काळजीपणा केला तर खालचें सगळें गणित निर्दोष असूनही खोटा माणूस खरा ठरतो. शिवाय खासगी किल्लीचें टोकन पुष्कळ कचेऱ्यांत व पेढ्यांवर मालकाजवळ नसून कारकुनाच्या खणांत असतें. शिक्का कारकुनाच्या हातीं असे तेव्हां ‘रुजू’ व ‘बार’ यांचे हात निराळे ठेवण्याची दक्षता होती. हल्लीं ती ठेवलेली आम्हांस फारशी दिसत नाहीं.

इतिहासाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची अडचण काळाची आहे. या प्रमाणपत्रांची मुदत दोन-तीन वर्षांची असते. मजकुराचा ठसा काढण्याचीं गणितेंही जुनीं होतात; एका प्रसिद्ध रीतीनें दोन भिन्न मजकुरांचा एकच ठसा निघूं शकतो असें इ. स. २०१७ मध्यें प्रत्यक्ष करून दाखविण्यांत आलें. तीनशें वर्षांपूर्वींचा शिक्का आज भिंगाखालीं तपासतां येतो. आजची डिजिटल स्वाक्षरी शंभर वर्षांनीं कोणी तपासूं शकेल कीं नाहीं, हें आज ती तपासून त्या तपासणीची नोंद कोणी ठेवतो कीं नाहीं यावर अवलंबून आहे. छापून घेतलेल्या सातबाऱ्यावर जें दिसतें तें स्वाक्षरीचें चित्र आहे, स्वाक्षरी नव्हे. तीवरील क्रमांक सरकारी नोंदीशीं ताडल्यावांचून त्या चित्राचा उपयोग नाहीं.

वरील सर्व उदाहरणांत, हुकमनाम्यापासून शहाजोग हुंडीपर्यंत, एक गोष्ट समान आहे. चिन्ह एकटें असतांना कांहींच सिद्ध करीत नाहीं. त्याच्यामागें नमुना, नोंद, साक्षीदार अगर जामीन उभा असावा लागतो. आणि संग्राहक नेमका हाच आधार काढून टाकतो. सुंदर शिक्क्याची सनद रुमालांतून निवडून घेतली, आणि तिच्या मागचीं-पुढचीं हिशेबाचीं चिठोरीं रद्दींत गेलीं, कीं त्या सनदेची ओळख देणारे शेजारी गेले. लखोटा टाकून दिला कीं पत्ता गेला. पाठीला कापड चिकटवून जीर्णोद्धार केला कीं सांध्यावरचे शिक्के व पाठीवरचे शेरे गेले. छायाचित्र घेतांना फक्त पुढची बाजू घेतली तरी परिणाम तोच.

म्हणून मराठवाड्यांतील कागद हाताळणारांस आमची विनंति अशी कीं, रुमाल सोडण्यापूर्वीं तो ज्या क्रमानें बांधला आहे तो क्रम लिहून घ्यावा आणि कोणत्या घराण्यांतून, कोणत्या गांवीं, केव्हां मिळाला तें टांकावें. छायाचित्र दोन्ही बाजूंचें घ्यावें, कागदाशेजारीं मोजपट्टी ठेवून. छायाचित्राच्या फाइलीचा गणिती ठसा त्याच दिवशीं काढून वहींत उतरवावा व ती यादी दुसऱ्या एखाद्या संस्थेकडे धाडावी, म्हणजे पुढें कोणीं एक अक्षर फिरवून तेंच चित्र पसरविलें तर दोन ठिकाणच्या नोंदी साक्षीस येतील. पडताळणीसाठीं जोडकागद शोधतांना जिल्ह्यांच्या हद्दी फिरल्या आहेत हें विसरूं नये. लातूर हा जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजीं उस्मानाबादेंतून निघाला. उदगीर तर इ. स. १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत होतें. तेव्हां उदगीरच्या एखाद्या इनामाचा कागद खरा कीं खोटा हें ठरविणारी नोंद लातूर अगर उस्मानाबादेंत न सांपडतां बीदरच्या नांवाखालीं, किंवा हैदराबादेच्या अभिलेखागारांत दफ्तर-ए-दिवानीच्या बस्त्यांत बांधलेली असण्याचा संभव अधिक.